टॅपिंगच्या वाद्याला पिकअप कुठला, दांडी कशाची?

गणपतीच्या मिरवणुकीत बेंजो पार्टीतला बेंजो कधी जवळून बघितला असेल, तर हा विषय समजायला सोपा जाईल. डाव्या हाताची बोटं बटणं दाबतात, बटणाखालची पट्टी तारेवर टेकते आणि तिथे सूर ठरतो. तो वाजतो मात्र उजव्या हातातल्या नखीनं तार छेडल्यावर. सतारीत तेच, गिटारीतही तेच. सूर ठरवणारा हात एक आणि वाजवणारा दुसरा.

टॅपिंगच्या वाद्यात ही वाटणीच नाही. बोट पडद्याच्या, म्हणजे दांडीवरच्या आडव्या धातूच्या पट्टीच्या, किंचित मागे तारेवर नेमकं मारायचं आणि तिथेच धरून ठेवायचं. त्या एका माराने तार पडद्यावर आपटते, सूर ठरतो आणि त्याच क्षणी वाजतो. छेडण्याच्या कामातून हात सुटतो, त्यामुळे दोन्ही हात वेगवेगळ्या तारांवर स्वतंत्र ओळी वाजवू शकतात. डावा हात खर्ज सांभाळतो, उजवा गाणं. ऐकणाऱ्याला वाटतं, दोन माणसं वाजवताहेत.

लॉस एंजेलिसच्या एमेट चॅपमन या गिटारवादकाला १९६९ मध्ये दोन्ही हात तारांना काटकोनात, समोरासमोर धरून वाजवण्याची ही पद्धत सापडली. तिच्यासाठी त्यानं घडवलेलं चॅपमन स्टिक हे वाद्य १९७४ पासून लोकांच्या हातात पडू लागलं. त्याला दहा तारा, आणि वेगळं असं अंग नाहीच. अख्खं वाद्य म्हणजे एक रुंद, लांब दांडी. पुढे टोनी लेविननं ते किंग क्रिम्सन या बँडमध्ये वाजवलं आणि ते जगभर पोचलं. परदेशातून मागवायचं तर किंमत, कर आणि वाट बघणं, तिन्ही जड. म्हणून आपल्याकडे काही जण ते स्वतःच करायला घेतात आणि मग दोन प्रश्न विचारतात: पिकअप (तारेच्या आवाजाची वीज करणारा भाग) कुठला लावू, आणि लाकूड कोणतं घेऊ?

मी कोल्हापुरात अशी दोन वाद्यं केली. पहिलं फसलं, दुसरं रोज वाजवतो. पहिलं का फसलं ते एका वाक्यात सांगता येईल: सतार कशी घडते हे मला माहीत होतं आणि तेच मी इथे लावलं. सतारींचं गाव मिरज आपल्यापासून पन्नास किलोमीटरवर. लाकूड, घोडी (जिच्यावर तारा टेकतात ती), जवारी यांबद्दल आपल्या भागातल्या वाद्यप्रेमी माणसाच्या कानावर जे पडलेलं असतं ते सतार-तंबोऱ्याचं शास्त्र असतं. ते अस्सल आहे. पण टॅपिंगच्या वाद्यात त्यातलं जवळजवळ सगळं उलटं होतं.

आधी तार

बोट तारेवर पडतं तेव्हा तार जेमतेम मिलिमीटरभर खाली जाते आणि पडद्यावर थांबते. घोडीकडच्या भागात त्या धक्क्याची लाट पळते, घोडीवर आपटून परत येते, पुन्हा जाते. तोच आपला सूर. नखीनं तार बाजूला ओढून सोडली की तिच्यात जो जोर येतो, त्याच्या मानानं हा फार थोडा. म्हणून टॅपिंगचा सूर मुळातच बारीक.

दुसरी अडचण बोटाच्या मागच्या, मेरूकडच्या (दांडीच्या दुसऱ्या टोकाला तारा टेकतात त्या पट्टीकडच्या) तुकड्याची. तोही वाजायला बघतो, आणि बोट उचललं की अख्खी तार मोकळी होऊन गुंजते. युरोपात क्लॅव्हिकॉर्ड नावाचं जुनं पट्ट्यांचं वाद्य आहे. त्यात पट्टी दाबली की पितळेचं छोटं पातं खालून तारेला भिडतं आणि पट्टी सोडेपर्यंत भिडलेलंच राहतं. म्हणजे ते टॅपिंगच. तिथेही तारांच्या नको असलेल्या भागात कापडाची पट्टी विणलेली असते. आपण मेरूपाशी नमद्याची पट्टी लावतो, ती याच कामासाठी. क्लॅव्हिकॉर्डचा आवाज इतका नाजूक की एका खोलीपलीकडे जात नाही. टॅपिंगला सभागृहात जागा मिळाली ती विजेवर चालणारा पिकअप आल्यानंतर. त्यामुळे या वाद्यात पिकअप म्हणजे वरून लावलेली सोय समजू नका. सतारीला जशी तबली (आवाज हवेत सोडणारी वरची फळी), तसा याला पिकअप.

तिसरी गोष्ट मला सगळ्यात उशिरा कळली. सतारीत खाली ११ ते १३ तरफा असतात, वरचा सूर लागला की त्यांनी आपोआप झंकारावं म्हणून. टॅपिंगच्या वाद्यात न दाबलेली प्रत्येक तार तरफ व्हायला टपलेली असते. तिथे जो झंकार जीव ओतून मिळवतात, इथे त्याचा चिखल होतो. एका हाताचा खर्ज दुसऱ्या हाताच्या तारांना जागवतो आणि दोन्ही ओळी एकमेकींत मिसळतात.

बारीक सूर, पडद्यावरचा 'टक्' असा ठोका आणि नको असलेली गुंज. पिकअप आणि दांडी निवडताना या तिघांवर नजर ठेवायची. बाकीचे वाद, म्हणजे कोणत्या लाकडाचा आवाज 'उबदार' आणि कोणत्या चुंबकाचा 'गोड', त्यानंतर.

पिकअप काय ऐकतो

कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात मोटर रिवाइंडिंगच्या दुकानात उभं राहिलात तर पिकअपचं तत्त्व समोरच मांडलेलं दिसतं: लोखंड आणि त्याभोवती तांब्याच्या तारेचे वेढे. मोटरमध्ये वीज घालतो आणि हालचाल मिळते. पिकअपमध्ये हालचाल घालतो आणि वीज मिळते. चुंबकाच्या क्षेत्रात पोलादी तार हलली की क्षेत्र बदलतं आणि वेढ्यांमध्ये अगदी क्षीण दाब तयार होतो. फॅरेडेनं १८३१ मध्ये दाखवलेलं हे तत्त्व.

यातली कामाची गोष्ट अशी, की चुंबकी पिकअप फक्त पोलादी तारेची हालचाल ऐकतो. लाकूड वाजलं, बोट घासलं, शर्टाचं बटण दांडीवर आपटलं, तर यातलं त्याच्यापर्यंत थेट काही जात नाही. त्या धक्क्यानं तार हलली तरच.

पिएझोचं उलट. काही स्फटिक दाबले की त्यांच्यावर विद्युतभार तयार होतो हे क्यूरी बंधूंनी १८८० मध्ये दाखवलं. घोडीखाली पिएझो बसवला की तो दाबातला प्रत्येक बदल ऐकतो, मग तो तारेचा असो की दांडीवर पडलेल्या बोटाचा. गिटारीत दांडीवरचा हात घोडीपासून लांब असतो आणि मारत नसतो, म्हणून ते खपून जातं. इथे दोन्ही हात दिवसभर दांडीवर ठोकतच असतात. पहिल्या वाद्याला मी पिएझोच्या चकत्या लावल्या होत्या, इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात सुट्या मिळतात त्या. स्पीकर चालू केला आणि सुराआधी डफावर बोटं मारल्यासारखा आवाज आला, प्रत्येक सुराआधी. पिएझोला एक मेगाओहम किंवा त्याहून जास्त इनपुट रोध असलेला प्रीॲम्पही (क्षीण आवाज आधी उचलून धरणारा छोटा ॲम्प) लागतो. थेट साध्या मिक्सरला जोडला तर खर्ज गायब होऊन नुसतं पत्र्यासारखं ऐकू येतं. पिएझो हवाच असेल तर चुंबकी पिकअपमध्ये चवीपुरता मिसळा. एकट्यावर भिस्त ठेवू नका.

चुंबकी पिकअपमध्ये वेढ्यांच्या एका गुंडाळीचा की दोन गुंडाळ्यांचा, हा पुढचा प्रश्न. इथे मी ठामपणे दोन गुंडाळ्यांचा, म्हणजे हमबकर सुचवतो. कारण आपली वीज. ती ५० हर्ट्झची, आणि तिची घरघर भोवतालच्या प्रत्येक वायरीतून, ट्रान्सफॉर्मरमधून, मांडवातल्या रोषणाईतून पिकअपमध्ये शिरते. खर्जाच्या तारांवरचा सर्वात खालचा जी हा सूर ४९ हर्ट्झचा असतो. म्हणजे घरघर नेमकी तुमच्या खर्जाच्या शेजारी येऊन बसते आणि तिच्याशी लहरत राहते. खालचा आवाज कापून ती घालवावी, तर खर्जही जातो.

हमबकरची युक्ती साधी आहे. दोन गुंडाळ्या शेजारी ठेवायच्या, एक सुलटी जोडायची आणि एक उलटी. बाहेरची घरघर दोन्हींत सारखीच येते, उलट-सुलट बेरीज होऊन शून्याच्या जवळ जाते. मग तारेचा सूरही जाईल की! तो जाऊ नये म्हणून दुसऱ्या गुंडाळीखाली चुंबकही उलटा ठेवायचा. दोनदा उलटं झालं की सुलटं. सूर टिकतो आणि त्यात भर पडते. सेथ लव्हर यानं गिब्सन कंपनीत असताना १९५५ मध्ये याच्या पेटंटसाठी अर्ज केला होता.

टॅपिंगला हे गिटारीपेक्षा जास्त लागतं, कारण बारीक सूर वर आणायला जवळजवळ सगळे वादक कंप्रेसर (मोठा आवाज दाबून बारीक आवाज वर आणणारं उपकरण) वापरतात. कंप्रेसर सुराबरोबर घरघरही उचलतो. शांत जागी त्यानं दहा डेसिबल वाढवले तर घरघर तिपटीहून मोठी होते.

पिकअप कुठे बसवायचा

लोक पिकअपच्या ब्रँडवर तासन्‌तास बोलतात आणि जागा डोळ्यांच्या अंदाजानं ठरवतात. माझ्या मते आवाजातला सगळ्यात मोठा फरक जागेनं पडतो, आणि ती फुकट मिळते.

तंबोऱ्याची खर्जाची तार छेडली की तिच्यातून गंधार ऐकू येतो, स्वयंभू गंधार. एकच तार एकाच वेळी अनेक तुकड्यांत हलत असते: अख्खी, दोन भागांत, तीन भागांत, चार, पाच. दोन भागांतल्या हलण्यातून वरचा सा येतो, पाचांतल्यातून गंधार. प्रत्येक उपस्वराच्या काही जागा स्थिर असतात. पिकअप नेमका अशा स्थिर जागेखाली असला तर तो उपस्वर त्याला ऐकूच येत नाही. तारेच्या बरोबर मध्याखाली ठेवला तर वरचा सा आणि सगळे सम उपस्वर गळतात, आवाज पोकळ होतो.

आता गोम अशी, की बोट जसं पुढे सरकतं तशी तारेची लांबी बदलते, पिकअप मात्र जागचा हलत नाही. मेरूपासून घोडीपर्यंत ८६४ मिलिमीटर, म्हणजे ३४ इंच लांबी धरू. चॅपमन स्टिकची लांबीही याच्याच आसपास असते. पिकअप घोडीपासून १०० मिलिमीटरवर बसवला. मोकळ्या तारेच्या हिशेबात तो घोडीपासून साधारण १२ टक्क्यांवर आहे. बाराव्या पडद्यावर बोट ठेवलं की वाजणारी तार ४३२ मिलिमीटर उरते आणि पिकअप २३ टक्क्यांवर येतो. चोविसाव्या पडद्यावर तार उरते २१६, पिकअप ४६ टक्क्यांवर, म्हणजे जवळपास मध्यावर! खाली भरलेला वाटणारा आवाज वर गेल्यावर बासरीसारखा पोकळ का होतो, याचं उत्तर या तीन आकड्यांत आहे. तोच पिकअप घोडीपासून ४५ मिलिमीटरवर आणला तर आकडे होतात ५, १० आणि २१ टक्के. आवाज खालपासून वरपर्यंत एका जातीचा राहतो.

गिटारवादक चोविसाव्या पडद्यावर क्वचित जातो. टॅपिंगमध्ये उजवा हात तिथेच वस्तीला असतो. म्हणून गाण्याच्या तारांचा पिकअप घोडीजवळ हवा, ४० ते ६० मिलिमीटरच्या आत. खर्जाच्या तारांचं वेगळं. टॅपिंगमध्ये मार तारेच्या अगदी टोकाला, पडद्यापाशी बसतो आणि त्यामुळे सगळे वरचे उपस्वर जागे होतात. मूळ आवाज आधीच धारदार. त्यात पिकअपही घोडीला चिकटवला तर खर्ज खडखडीत, अंग नसलेला येतो. डावा हात सहसा खालच्या पडद्यांवर असतो, त्यामुळे खर्जाचा पिकअप ९० ते ११० मिलिमीटरवर नेला तरी तो मध्यावर येण्याची भीती कमी. माझ्या दुसऱ्या वाद्यात खर्जाचा १०० वर आहे, गाण्याचा ४८ वर.

दोन पिकअप म्हणजे दोन वेगळ्या वाटा. त्या शेवटपर्यंत वेगळ्याच ठेवा: स्टिरिओ जॅक, दोन वायरी, दोन ॲम्प किंवा मिक्सरच्या दोन वाहिन्या. खर्जाला आणि गाण्याला एकच कंप्रेसर दिला तर डाव्या हाताच्या प्रत्येक माराबरोबर उजव्या हाताचा सूर दबतो. मधल्या दोन तारांपाशी मात्र काळजी घ्या. खर्जाच्या पिकअपचं टोक शेजारच्या गाण्याच्या तारेखाली शिरलं असेल तर ती तार दोन्हीकडून ऐकू येते. दोन पिकअपची टोकं या मधल्या फटीपाशी नेमकी तुटतील अशी बसवा.

चुंबक जोरदार असावा ही समजूत सोडून द्या. टॅपिंगच्या तारा बारीक आणि पडद्यांच्या अगदी जवळ असतात. जोरदार चुंबक जवळ आणला की तो तारेलाच ओढतो. सूर लवकर विझतो आणि एकाच तारेत दोन किंचित वेगळे सूर भांडल्यासारखं ऐकू येतं. मध्यम चुंबक घ्या, पिकअप वर आणत जा आणि ते भांडण ऐकू आलं की पुन्हा थोडा खाली न्या.

पिकअप ॲक्टिव्ह (बॅटरीवर चालणारा) की पॅसिव्ह (बॅटरीशिवायचा), याचा निकाल वायरीच्या लांबीवर लागतो. प्रत्येक मीटर वायरीत साधारण १०० पिकोफॅरड धारकता असते आणि पिकअपच्या वेढ्यांशी मिळून ती उंच आवाजाला एका मर्यादेपलीकडे कापते. तीन हेन्रीचा (हेन्री हे वेढ्यांच्या प्रेरकत्वाचं माप) पिकअप आणि एकूण ६०० पिकोफॅरड, म्हणजे पाच-सहा मीटर वायर, असेल तर ती मर्यादा साधारण ३,७०० हर्ट्झवर येते. वायर दहा-अकरा मीटरची झाली की २,८०० च्या आसपास. टॅपिंगच्या सुराची ओळख त्याच्या सुरुवातीच्या टोकदारपणात आहे, आणि तो याच पट्ट्यात राहतो. वाद्यातच छोटा बफर (पिकअपला वायरीपासून वेगळं ठेवणारं सर्किट) बसवला, नऊ व्होल्टच्या बॅटरीवर चालणारा, की हा प्रश्न मिटतो. तयार ॲक्टिव्ह पिकअप घेतलात तर तो आतच असतो.

हातानं वेढे घेताना

बाजारात दहा तारांच्या रुंदीचा पिकअप सहसा मिळत नाही, म्हणून वेढे स्वतः घ्यायची वेळ येते. कोल्हापुरात हे जमण्यासारखं आहे. वेढे मोजणारं यंत्र आणि तांब्याची तार दोन्ही मिळतात. तार ४६ गेजची लागते, साधारण ०.०६ मिलिमीटर जाड, केसासारखी. मोटरवाल्यांचे हात वीस-बावीस गेजला सरावलेले असतात. मी पहिल्यांदा त्यांच्यासारखाच ताण दिला आणि ३,२०० व्या वेढ्याला तार तुटली. तुटताना आवाजही झाला नाही, काउंटर पळत राहिला आणि बोटांतून तार नाहीशी झाली. तिथल्या वयस्कर कारागिरानं नमद्याचे दोन तुकडे दिले. तार त्यांच्यामधून जाऊ द्यायची, बोटांनी नमदा धरायचा, तार नाही. त्यानंतर ५,००० वेढे एका दमात झाले.

पाच हजार वेढे म्हणजे या मापाच्या बॉबिनवर (तार गुंडाळायच्या रिळावर) सुमारे पाऊण किलोमीटर तार. मल्टिमीटरवर सव्वाचार ते साडेचार किलोओहम दिसलं की काम नीट झालं. उन्हाळ्यात दुपारी मोजलंत तर आकडा थोडा जास्त येईल, कारण तांब्याचा रोध प्रत्येक अंश सेल्सिअसला ०.४ टक्क्यांच्या आसपास वाढतो. हमबकरच्या दोन्ही गुंडाळ्या एकाच वेळी, एकाच जागी मोजा.

एवढ्यावर थांबू नका. सैल वेढे स्वतःच हलतात, आणि मग चुंबकी पिकअपही दांडीवरचा ठोका ऐकायला लागतो. पिकअप मेणात बुडवायचा: मेणबत्तीचं मेण, त्यात थोडं मधमाश्यांचं. मेण थेट गॅसवर कधीही ठेवू नका, पेट घेतं. मोठ्या पातेल्यात गरम पाणी, त्यात मेणाचं भांडं. ६५ अंशांच्या आसपास ठेवून पिकअपमधून बुडबुडे यायचे थांबेपर्यंत धीर धरायचा. गिटारीत हे केलं नाही तरी चालून जातं. इथे केलंच पाहिजे.

दांडी

मिरजेचे कारागीर सतारीला तुणाचं लाकूड वापरतात आणि भोपळा पंढरपूर-मंगळवेढ्याच्या बाजूचा. तूण हलकं, सहज हलणारं. तारेनं घोडीला दिलेला जोर तबलीनं पटकन घ्यावा आणि हवेत सोडावा, हे सतारीचं काम. हलणं हा तिथे गुण आहे.

टॅपिंगच्या वाद्यात हवेत आवाज सोडणारं कुणी नसतं. दांडीनं तारेचा जोर घेतला तर तो वाया गेला. आधीच थोडका सूर, त्यातून दांडीनं वाटा काढला की उरतो 'टक्' आणि त्यामागे विझत जाणारी कुजबूज. म्हणून इथे दांडीनं हलूच नये. माझं पहिलं वाद्य तुणाचं होतं. हातात घ्यायला सुंदर, आणि सातव्या-आठव्या पडद्यापाशी तीन तारांवर सूर जन्मताच मरायचा. अशा जागांना मेलेल्या जागा म्हणतात. दांडीची स्वतःची हलण्याची एक चाल असते. सुराची कंपनसंख्या तिच्याशी जुळली की दांडी तो सूर पिऊन टाकते. मेलेली जागा ओळखायची तर दांडीच्या टोकाला छोटा सी-क्लॅम्प लावा आणि पुन्हा वाजवा. जागा दुसऱ्या पडद्यावर सरकली, तर दोष दांडीत आहे, तारेत नाही.

मग ताठ दांडी हवी. इथे लाकडाच्या नावापेक्षा जाडी जास्त काम करते. पट्टीचा ताठपणा जाडीच्या घनाच्या प्रमाणात वाढतो. २० मिलिमीटरची २५ केली तर जाडी सव्वापट, ताठपणा जवळजवळ दुप्पट. साग काढून शिसम लावलं तर असा फरक पडत नाही. शिसम जड आहे, पण लांबीच्या दिशेनं ताठपणात ते सागाच्याच पंगतीत बसतं. टिंबर मार्केटात शिसमासाठी जास्त पैसे मोजण्याआधी हे लक्षात घ्या. पडद्यांखालच्या पट्टीला शिसम उत्तम, कारण ते झिजत नाही. अख्ख्या दांडीला ते नुसतं गळ्यात ओझं.

माझी दुसरी दांडी जुन्या सागाची आहे. पेठांमधले वाडे पाडले जातात तेव्हा तुळया, कडीपाट विकायला येतात. अनेक पावसाळे खाल्लेलं लाकूड, आता फारसं वळत नाही. घेताना मेटल डिटेक्टर फिरवा, नाहीतर खिळ्यावर रंध्याचं पातं जातं. कापताना टोकाकडून बघा: वर्षांच्या रेषा पडद्यांच्या पृष्ठभागाला उभ्या असलेली फळी निवडा, ती कमी वाकते. एकाच ठोकळ्यापेक्षा तीन पट्ट्या चिकटवलेली दांडी बरी, मधली उलट दिशेची. साग तेलकट असतो, चिकटवायच्या आधी पृष्ठभाग ॲसिटोननं पुसून लगेच गोंद लावा. नाहीतर सांधा काही महिन्यांनी उघडतो. आत दोन्ही बाजूंनी ताण देता येईल असा पोलादी रॉड हवाच, कारण दहा तारांचा एकत्र ताण एका माणसाच्या वजनाइतका सहज होतो.

बांबूचा विचार जरूर करा. चॅपमननं स्वतः कठीण लाकडापासून सुरुवात केली, पुढे पॉलिकार्बोनेट, ग्रॅफाइट आणि चिकटवलेला बांबूही वापरला. सह्याद्रीच्या पट्ट्यात बांबू मुबलक. पट्ट्या काढून दाबाखाली चिकटवल्या की दांडी लांबीच्या दिशेनं छान ताठ होते. फक्त त्यातल्या साखर-पिठूळ अंशामुळे भुंगा लागतो; बोरॅक्स आणि बोरिक ॲसिडच्या पाण्यात आधी मुरवावा लागतो.

ॲल्युमिनियम सागाच्या साधारण सहापट ताठ आणि चौपट जड. फौंड्री आणि मशीन शॉपच्या गावात ते सुचणारच, आणि मेलेल्या जागा त्यानं खरोखर कमी होतात. पण ॲल्युमिनियम उष्णतेनं पोलादाच्या जवळजवळ दुप्पट वाढतं. सकाळ-दुपारमध्ये १५ अंशांचा फरक पडला तर ८६४ मिलिमीटरमागे दांडी तारेपेक्षा साधारण ०.१४ मिलिमीटर जास्त लांबते. ऐकायला क्षुल्लक वाटतं. तारा चढून बेसूर होण्याइतकं ते पुरेसं आहे. डिसेंबरच्या सकाळी लावलेलं वाद्य दुपारी पुन्हा लावावं लागतं. लाकडाच्या पोटात कार्बन फायबरच्या दोन पट्ट्या हा मला सगळ्यात समंजस मार्ग वाटतो.

आपल्या हवेत खरी परीक्षा जुलैत होते. लाकूड ओल शोषतं आणि दोन बाजूंनी असमान शोषलं की वाकतं. तारेची उंची मिलिमीटरभर असलेल्या वाद्यात ०.३ मिलिमीटरचा बाकसुद्धा बोटांना कळतो: मार जोरात लागतो, 'टक्' वाढतो, सूर कमी होतो. लोक दर्शनी बाजूला छान पॉलिश करतात आणि पिकअपचा खड्डा, रॉडची खाच, मागची बाजू कोरडी सोडतात. ओल तिथूनच शिरते. सगळ्या बाजूंना, खड्ड्याच्या तळालाही, सारखेच हात द्या.

पडदे एका पातळीत आणण्याचं काम तर इथे फार चांगलं होतं. मशीन शॉपमधली ग्रॅनाइटची सरफेस प्लेट वाद्यकामाच्या पट्टीपेक्षा कितीतरी अचूक असते. कारागिराशी बोला, कशासाठी हवंय ते दाखवा. मला त्यांनी अर्धा तास प्लेट वापरू दिली आणि चौदाव्या पडद्याची उंची फीलर गेजनं स्वतः मोजून दाखवली. तो एक पडदा घासला आणि पाच तारांचा खडखड गेला.

शेवटी पिकअपच्या खड्ड्यांबद्दल. ते खणायची घाई करू नका. घोडी, तारा, नमदा सगळं बसवून घ्या आणि पिकअप आधी तारांवर, वरच्या बाजूनं, दोन लाकडी ठोकळ्यांवर पालथा ठेवा. चुंबकी पिकअपला वर-खाली कळत नाही, तो तिथूनही ऐकतो. पाच-पाच मिलिमीटर सरकवत आठवडाभर वाजवा, खालचे पडदे, वरचे पडदे, दोन्ही हात एकत्र. आवडलेल्या जागेवर पेन्सिलनं तारीख लिहा. माझ्या दांडीवर अशा सहा खुणा होत्या, आणि राउटर (लाकूड कोरायचं यंत्र) चालवला तो पाचव्या खुणेवर.